पाण्यावरून पाहिलेली बेटे

पावसाळा सरत आला की मूल परिसरातील तलाव काठोकाठ भरलेले असतात. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे जोडून लोकांनी त्यांना ‘मामा तलाव’ असे आपुलकीचे नाव दिले आहे. पाळीवर उभे राहून तलाव पाहणे येथे सर्वांच्या अंगवळणी पडले आहे; मात्र तलावातून गाव पाहण्याचा योग फार थोड्यांना येतो. तो रोज येतो धीवर बांधवांना. झाडाचे खोड कोरून घडविलेल्या डोंग्यात बसून जाळे टाकताना किंवा शिंगाडे काढताना त्यांना दिसणारे गाव निराळेच असते. घरे पाळीमागे दडून जातात. दिसतात ती उंच झाडे, देवळाचे शिखर, राईस मिलचे धुराडे आणि त्यांच्यामागची जंगलाची निळसर रेघ. बाजार, रस्ता, हिशेबाची गादी, ज्यांच्यात माणूस दिवसभर गुंतलेला असतो ते सारे पाण्यावरून लहान दिसू लागते आणि गाव पाण्याच्या आधाराने वसले आहे, हे एका दृष्टिक्षेपात उमगते.

जगातील काही चित्रकार, शिल्पकार, लेखक आणि संगीतकार हाच अनुभव घेण्यासाठी शिडाच्या जहाजावर मुक्कामाला जातात. काही आठवडे जहाज हेच त्यांचे घर आणि तीच त्यांची कार्यशाळा असते. बेटामागून बेट लागते, तेथील जीवन पाहिले जाते आणि पाहिलेले कागदावर किंवा सुरांत उतरते. या प्रकाराला ‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’ म्हणतात. कल्पना आधुनिक वाटते, परंतु तिचे एक जुने रूप महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सव्वादोनशे वर्षांपूर्वी घडून गेले आहे. त्या कथेत मुंबईची बेटे आहेत, घारापुरीची लेणी आहेत, एक स्कॉटिश चित्रकार आहे आणि दीर्घकाळ विस्मृतीत गेलेला पुण्याचा एक मराठी कलावंतही आहे.

जहाजावरचा मुक्काम

आजच्या काळातील अशा मुक्कामांत दोन नावे विशेष घेतली जातात. डेव्हिड बकलँड या ब्रिटिश कलावंताने २००१ मध्ये ‘केप फेअरवेल’ हा उपक्रम आरंभिला. हवामानबदलाचा प्रश्न आकडेवारीपुरता न राहता लोकांच्या मनाला भिडावा, यासाठी शास्त्रज्ञ आणि कलावंत यांना एकाच जहाजातून उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार्ड द्वीपसमूहाकडे नेण्यात आले. ‘नूर्डरलिख्त’ हे त्यांचे दोन डोलकाठ्यांचे जहाज. त्याचा सांगाडा १९१० मधील. दुसरा उपक्रम ‘द आर्क्टिक सर्कल’ हा २००९ पासून चालू आहे. त्यातही कलावंत आणि संशोधक तीन डोलकाठ्यांच्या ‘अँटिगा’ जहाजातून त्याच बेटांच्या किनाऱ्याने प्रवास करतात.

अशा मुक्कामात कलेपूर्वी शिस्त शिकावी लागते. गोडे पाणी मोजके, झोपण्याची फळी अरुंद, सामान तेवढेच जेवढे फळीखाली मावेल. आज कोठे जायचे हे कलावंत ठरवीत नाही. ते वारा, बर्फ आणि कप्तान ठरवितात. इंग्रज कादंबरीकार इयन मॅकइवन २००५ च्या सफरीत होते. जहाजावर बूट आणि जाड पोशाख ठेवण्यासाठी एक लहानशी खोली होती. रात्री जेवणाच्या मेजावर पृथ्वी वाचविण्याच्या थोर गोष्टी चालत, आणि सकाळी त्या खोलीत कोणाचा बूट कोणाच्या पायात गेला याचा पत्ता लागत नसे. आपले बूट जागेवर ठेवता येत नाहीत ती माणसे जगाची घडी काय बसविणार, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. पुढे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सोलर’ या कादंबरीत तोच प्रसंग विनोदाच्या रूपाने अवतरला. शिल्पकार रेचल व्हाइटरीड याच सफरीहून परतल्यानंतर लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातील भव्य दालनात त्यांचे शुभ्र खोक्यांचे शिल्प उभे राहिले. सुमारे चौदा हजार खोक्यांच्या त्या राशी अनेकांना हिमनगांसारख्या भासल्या.

या उपक्रमांत एक देवघेव असते. कोणीतरी जहाजाचा खर्च उचलतो, कोणीतरी सुकाणू धरतो आणि कलावंत आपली दृष्टी पणाला लावतो. परत आल्यावर जगाच्या हाती पडते ते त्या ठिकाणाचे, त्या घडीचे चित्र. पुढे ते ठिकाण बदलून गेले, तर ते चित्र हाच पुरावा उरतो. मुंबईच्या बाबतीत नेमके हेच घडले.

मुंबई जेव्हा बेटे होती

जेम्स वेल्स हे १७९१ मध्ये मुंबईस उतरले. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील पीटरहेड या बंदरगावी त्यांचा जन्म झाला होता. व्यक्तिचित्रे काढून उपजीविका करावी हा त्यांचा मुख्य हेतू. कारण कंपनी सरकारचे अधिकारी आणि देशी दरबार दोघांनाही आपली चित्रे हवी असत. मात्र मुंबईत पोहोचल्यावर त्यांना माणसांच्या चेहऱ्यांइतकीच भूमीच्या चेहऱ्याची ओढ लागली.

तेव्हाची मुंबई आजच्यासारखी सलग नव्हती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही मूळची सात बेटे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरत असे. ते अडविणारा बांध वेल्स येण्यापूर्वी काही वर्षे पुरा झाला होता. त्यामुळे मधल्या सखल जमिनी हळूहळू कोरड्या पडू लागल्या होत्या. उत्तरेचे साष्टी बेट मात्र अद्याप पाण्याने वेगळे होते. मराठ्यांनी ते पोर्तुगीजांकडून जिंकले, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते इंग्रजांकडे कायम राहिले. शीवहून साष्टीकडे जाणारा पक्का बांध १८०५ मध्ये आणि माहीमचा १८४५ मध्ये झाला. म्हणजेच वेल्स यांच्या काळात माहीम किंवा शीव येथून पलीकडे जाणे हा नावेचाच प्रवास होता. पुण्याला जायचे, तर आधी बंदरातून नावेने पनवेल गाठावे आणि मग बोरघाट चढावा, अशी वाट होती.

माझगावची टेकडी, शीवचा किल्ला, महालक्ष्मीचा नवा बांध अशा जागांवर बसून वेल्स यांनी मुंबईचे देखावे रेखाटले. त्यांच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये ‘मुंबई बेट आणि परिसराचे बारा देखावे’ या आशयाच्या नावाने ते लंडनमध्ये छापले गेले. आज ज्या ठिकाणी इमारतींची भिंत उभी आहे, तेथे त्या चित्रांत ताडामाडांची बने, उघडे पाणी आणि दूरवर नांगरून ठेवलेली गलबते दिसतात. मुंबईत पिढ्यान् पिढ्या व्यापार केलेल्या कुटुंबांनाही आपल्या पेढीखालची जमीन कधीकाळी खाडी होती, हे त्या चित्रांशिवाय पटणे कठीण.

वाऱ्याचे वेळापत्रक

घारापुरी हे बेट मुंबईच्या बंदरात पूर्वेस आहे. गेटवे ऑफ इंडियापासून ते सुमारे दहा-अकरा किलोमीटर अंतरावर असून यांत्रिक बोटीने तासाभरात गाठता येते. शिडाच्या नावेला मात्र घड्याळाचे बंधन नसते. तिचे वेळापत्रक वारा आणि भरती ठरविते.

पावसाळा संपल्यावर कोकणकिनाऱ्यावर वाऱ्याचा एक नित्यक्रम बसतो. दिवसा जमीन तापली की दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा वाहू लागतो. रात्री जमीन निवली की पहाटे उलट दिशेने मतलई वारा सुटतो. मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्याला दुपारचा खारा वारा पाठीशी मिळतो, आणि परतणाऱ्याला पहाटेचा मतलई वारा. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या बंदरात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. ओहोटीला बेटाभोवतीचा चिखल उघडा पडतो आणि नाव काठाला लागत नाही. त्यामुळे मचव्याचा तांडेल ‘आता निघायचे’ म्हणेल तेव्हा निघावे आणि तो ‘थांबा’ म्हणेल तोवर थांबावे, हाच नियम असे. घाई असणाऱ्या प्रवाशाला ही अडचण वाटे. चित्रकाराला तीच संधी ठरे, कारण थांबलेल्या वेळेतच पाहणे होते.

हलत्या नावेत रंगकाम होत नाही. तेथे पेन्सिलीने डोंगराची कड, शिडांच्या तिरप्या रेषा आणि किनाऱ्यावरील झाडांची ठेवण एवढेच झटपट टिपता येते. लेण्यात पोहोचल्यावर काम उलट होते. अंधाऱ्या सभामंडपात मोजपट्टी घेऊन खांबाची जाडी, दोन खांबांतील अंतर, मूर्तीची उंची असे एकेक माप घ्यावे लागते. घारापुरीच्या मुख्य लेण्यातील त्रिमुखी सदाशिव सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. त्याचे तीन चेहरे तीन निरनिराळ्या प्रकाशांत पाहिल्यावाचून रेखाटता येत नाहीत. सकाळचा प्रकाश एका चेहऱ्याला न्याय देतो, दुपारचा दुसऱ्याला. ज्या चित्रकाराला वाऱ्यासाठी थांबावे लागे, त्याला तिन्ही चेहऱ्यांना पुरेसा वेळ आपोआप मिळे.

१७९३ मध्ये थॉमस आणि विल्यम डॅनियल हे प्रसिद्ध चित्रकार काका-पुतणे भारतभ्रमण आटोपून मुंबईत आले. वेल्स यांनी त्यांना घारापुरी आणि साष्टीतील लेणी दाखविली. व्यवसायाच्या दृष्टीने पाहता हे दोघे त्यांचे प्रतिस्पर्धी. तरीही आपण शोधलेली विषयसंपत्ती वेल्स यांनी त्यांच्यापुढे उघडी केली. या औदार्याचे फळ त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच कामाला मिळाले.

पुण्याचे गंगाराम

या कथेतील दुसरे पात्र पुण्याचे. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचे वकील म्हणून चार्ल्स मॅलेट १७८६ पासून राहत होते. त्यांना लेणी, प्राणी, पोशाख, उद्योग अशा सर्वच गोष्टींची जिज्ञासा. त्यांच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट हे मराठी कलावंत काम करीत. ‘तांबट’ हे आडनाव तांब्याची भांडी घडविणाऱ्या कारागिरांचे. धातूवर रेघ ओढण्याची सवय असलेला हात कागदावरही तितकाच ठाम चालत असे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा पशुसंग्रह होता. तेथील गेंड्याचे गंगाराम यांनी नोव्हेंबर १७९० मध्ये काढलेले चित्र आजही उपलब्ध आहे. पुण्यातील पहिलवानांचीही चित्रे त्यांनी काढली.

मॅलेट यांनी सवाई माधवराव पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा सुरू करविली. वेल्स पुण्यास आल्यावर तेथे देशी कलावंतांना पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रण शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. वेल्स यांनी रंगविलेले सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात असून, नानांचा जो सडपातळ, विचारमग्न चेहरा मराठी माणसाच्या मनात ठसला आहे, त्याच्या मुळाशी वेल्स यांचेच निरीक्षण आहे.

वेरूळच्या लेण्यांची मोजमापे आणि रेखाटने करण्यासाठी मॅलेट यांनी गंगाराम यांना वेल्स यांच्याही आधी पाठविले होते. त्या आधारे मॅलेट यांनी लिहिलेले वेरूळचे वर्णन कोलकात्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात १७९९ मध्ये प्रसिद्ध झाले. १७९५ मध्ये वेल्स स्वतः वेरूळला गेले. तेथे केलेल्या कामावरून थॉमस डॅनियल यांनी पुढे १८०३ च्या सुमारास भव्य चित्रसंपुट सिद्ध केले. वाचकांना विशेष वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्या संपुटात कैलास लेण्याबरोबर इंद्रसभा आणि जगन्नाथसभा या जैन लेण्यांचाही समावेश आहे. पाश्चात्त्य जगाला वेरूळच्या जैन शिल्पांचा परिचय करून देणाऱ्या आरंभीच्या चित्रांत त्यांची गणना होते.

त्या संपुटाच्या शीर्षकपृष्ठावर वेल्स यांचे नाव आहे, डॅनियल यांचे आहे. गंगाराम यांचे नाही. डोंगरकड्यात बसून, उन्हातान्हात मापे घेऊन ज्याने पहिली रेघ ओढली, तो नावावाचून राहिला. त्यांची पुष्कळशी रेखाटने मॅलेट यांच्या संग्रहातून आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जपलेली आहेत. अलीकडच्या काळात होली शेफर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या चित्रांवर सविस्तर लेखन केले; त्यांचा या विषयावरील ग्रंथ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यातील कलावंताची ओळख पुन्हा व्हावयास सव्वादोनशे वर्षे आणि सातासमुद्रापलीकडची एक तिजोरी लागावी, ही गोष्ट अभिमानाची तितकीच अंतर्मुख करणारी आहे. त्या काळी पुण्यात धनिक सावकार होते, मुंबईत मातब्बर व्यापारी होते. देवळे, धर्मशाळा, पांजरपोळ यांसाठी त्यांच्या थैल्या मोकळ्या होत. मोजमापाची चित्रे जतन करणे हेही पुण्यकर्म ठरू शकते, हे मात्र कोणाला सुचले नाही. ज्याने पैसा दिला, त्याच्या देशी चित्रे गेली.

साष्टीतील अखेर

१७९५ चा शरद ऋतू पुण्याला आणि मुंबईला दोन धक्के देऊन गेला. ऑक्टोबर महिन्यात सवाई माधवरावांचा ऐन एकविसाव्या वर्षी अंत झाला. पाठोपाठ नोव्हेंबरात जेम्स वेल्स साष्टी बेटावर लेण्यांची चित्रे काढीत असताना तापाने आजारी पडले आणि दगावले. पावसाळ्यानंतर साष्टीच्या दलदलीत आणि जंगलात हिवतापाचा जोर असे. डास आणि हिवताप यांचा संबंध शास्त्राला उमगावयास अजून शंभर वर्षे अवकाश होता. पेशव्यांचे चित्र काढणारा आणि ते चित्र ज्यांचे होते ते, दोघेही एकाच ऋतूत गेले.

ज्या साष्टी-ठाण्याच्या परिसरात हे घडले, तो जैन कथापरंपरेला अपरिचित नाही. श्रीपाल-मयणासुंदरीच्या कथेत धवलशेठने जहाजावरून समुद्रात ढकललेला श्रीपाल ज्या कोकणकिनारी तरून लागतो, ते ठाणेच. कथेतला प्रवासी किनाऱ्याला लागला आणि राजमान्य झाला. इतिहासातला चित्रकार त्याच किनाऱ्यावर संपला.

वेल्स यांची अपुरी कामे वाया गेली नाहीत. त्यांची कन्या सुझाना हिचा विवाह १७९९ मध्ये मॅलेट यांच्याशी झाला. वेल्स यांच्या कच्च्या रेखाटनांवरून डॅनियल यांनी वेरूळचे संपुट तर काढलेच; शिवाय पेशव्यांच्या दरबारात मॅलेट तह करीत असल्याचे भव्य तैलचित्रही १८०५ मध्ये पुरे केले. मुंबईत दाखविलेल्या औदार्याची परतफेड अशा रीतीने झाली.

हरवलेला हत्ती

चित्रांची खरी किंमत काळाने दाखविली. घारापुरीला ‘एलेफंटा’ हे नाव पोर्तुगीजांनी दिले, ते तेथील एका प्रचंड दगडी हत्तीवरून. कॅप्टन पाइक या इंग्रज दर्यावर्द्याने १७१२ मध्ये बेटाला भेट देऊन त्या हत्तीचे चित्र काढले. त्यात हत्तीच्या पाठीवर आणखी एक लहान हत्ती दिसतो. कालांतराने त्या पाषाणाला तडे गेले आणि १८१४ मध्ये हत्ती कोसळला. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडण्यात आले. आज तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या परिसरात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. पाठीवरचा लहान हत्ती मात्र नाही. तो पाहावयाचा असेल, तर एका दर्यावर्द्याच्या हातच्या रेखाटनातच. तासाभरात ओढलेल्या काही रेघा टनावारी पाषाणाहून अधिक टिकल्या.

बेटावरचे आजचे जीवन

लेण्यांचे बेट म्हणून घारापुरी जगाला ठाऊक आहे. १९८७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळाचा मान दिला. पण शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तीन गावेही त्याच बेटावर आहेत, हे बहुतेक प्रवाशांच्या ध्यानीही येत नाही. सकाळी बोट येते, पायऱ्या चढून लेणी पाहून होतात आणि सायंकाळी शेवटची बोट निघून जाते. त्यानंतर बेटावर जे उरते, ते तेथील खरे जीवन.

समोर मुंबईचा झगमगाट दिसत असताना या गावांत दीर्घकाळ वीज नव्हती. रात्रीचे काही तास जनरेटर चाले, तेवढाच उजेड. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची वाहिनी टाकण्यात आली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये बेटावर कायमची वीज पोहोचली. स्वातंत्र्यानंतर सात दशकांनी आलेला तो प्रकाश पाहून जुन्या माणसांना काय वाटले असेल, याची कल्पना जंगलपट्ट्यातील वाचकांना सहज करता येईल. गडचिरोलीच्या आतल्या भागात पावसाळ्यात नाले फुगले की गावेच्या गावे बेटे होतात. समुद्र नसतानाही रुग्णाला डोंग्यातून किंवा खाटेवरून पलीकडे न्यावे लागते, पोस्ट थांबते, दुकानातील मीठ-तेल पुरवून वापरावे लागते. बेट म्हणजे केवळ समुद्रातील भूमी नव्हे. ज्याला पलीकडे जाण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या नावेची वाट पाहावी लागते, ते प्रत्येक गाव बेटच आहे.

जेव्हा खलाशीच चित्रकार होतो

वेल्स यांच्या काळी पाहणारा एक होता आणि पाहिला जाणारा दुसरा. आमच्या काळात मुंबईच्या काही कलावंतांनी हा क्रम उलटून पाहिला. शैना आनंद आणि अशोक सुकुमारन यांच्या ‘कॅम्प’ या कलासमूहाने कच्छ-सौराष्ट्राच्या लाकडी वाहनांवर, म्हणजे मोठ्या मालवाहू गलबतांवर, काम आरंभिले. ही वाहने शारजा-दुबईच्या खाडीतून सोमालियाच्या लहान बंदरांपर्यंत माल पोहोचवितात. मोठी जहाजे जेथे जाण्यास धजत नाहीत, तेथे यांचा व्यापार चालतो. २००९ च्या शारजा द्विवार्षिक प्रदर्शनासाठी या समूहाने बंदरातील मालाच्या नोंदींचे पुस्तक तयार केले आणि धक्क्यावरून नभोवाणीचे कार्यक्रमही केले. तांदूळ, कपडे, जुन्या गाड्या, घरगुती सामान अशा मालाची यादी हीच कलाकृती! व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला त्यातील गोडी निराळी समजावून सांगावी लागत नाही. रोजमेळ नीट वाचता आला, तर त्यातून एका बंदराचे, एका देशाचे सुखदुःख वाचता येते.

पुढे २०१३ मध्ये त्यांचा चित्रपट पूर्ण झाला. त्याचे बरेचसे चित्रण खलाशांनी स्वतःच्या मोबाईलवर केलेले आहे आणि पार्श्वभूमीला त्यांनीच आपल्या चित्रफितींना जोडलेली गाणी आहेत. वादळातील लाट, जहाजावर रांधलेले जेवण, दूरवर जळणारे दुसरे वाहन, शांत समुद्रातील थट्टामस्करी, हे सारे ज्यांनी भोगले त्यांनीच टिपले आहे. गंगाराम यांना जे मिळाले नाही ते, म्हणजे पाहणाऱ्याचा स्वतःचा अधिकार, या खलाशांच्या वाट्याला काही अंशी तरी आला.

वैनगंगेच्या काठी

मूलपासून पश्चिम समुद्र आठ-नऊशे किलोमीटरांवर आहे. या भागातील पाणी तिकडे जातही नाही. ते वैनगंगेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि तेथून पूर्व समुद्रात जाते. तरीही बेट, नाव आणि चित्र या त्रयीचा विषय येथे परका नाही. चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवाची मंदिरे आहेत. नदी तेथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीच्या यात्रेला पलीकडच्या तीरावरील भाविक नावेतून येतात. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात या मंदिरांची पाहणी करून नोंद केली, म्हणून त्या काळची त्यांची स्थिती आज कळू शकते. उन्हाळ्यात पात्र आटले की नदीतील वाळूची बेटे उघडी पडतात आणि त्यांवर डांगरवाड्या फुलतात. चार महिन्यांचे गाव वसते, पहिल्या पुराबरोबर वाहून जाते. त्या गावाचे चित्र कोण काढतो?

मामा तलावांपैकी कित्येक गाळाने उथळ होत आहेत. लाकडी डोंगे घडविणारे हात कमी होत आहेत. त्यांची जागा पत्र्याच्या आणि थर्माकोलच्या तराफ्यांनी घेतली आहे. खोड कसे निवडावे, किती कोरावे, पाण्यावर ते एका बाजूला का कलते, हे सांगू शकणारी माणसे वयाने थकली आहेत. त्यांच्यासोबत चार दिवस तलावावर घालवावयास लंडनहून कोणी चित्रकार येण्याची आवश्यकता नाही. गावातील शाळेत चित्रकला शिकविणारे शिक्षक आहेत, चित्रांची आवड असलेली मुले-मुली आहेत. कागद, रंग, दोन वेळचे जेवण आणि डोंगेवाल्याच्या बुडालेल्या रोजाची भरपाई एवढाच त्याचा खर्च. मूलच्या बाजारपेठेतील एखाद्या पेढीला तो सहज पेलेल. अट एकच असावी. चित्राच्या खाली काढणाऱ्याचे नाव असावे, आणि त्याच्या शेजारी ज्याने डोंगा वल्हविला त्याचेही. गंगाराम यांच्या बाबतीत जे राहून गेले, ते निदान येथे राहू नये.

कार्तिकातील एखाद्या सकाळी धुके विरत असताना डोंगा पाळीपासून सुटतो. वल्ह्याच्या दोन-चार टप्प्यांत रस्त्याचा आवाज मागे पडतो. मग गाव हळूहळू दूर जाते, लहान होते आणि प्रथमच पुरते दिसू लागते.